चाळीस चित्रे, चौसष्ट पाने

नौपाडा, ठाणे

चि. सई हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेली ऐरोलीच्या खाडीची १४० छायाचित्रे मी दोनदा पाहिली. यांचे पुस्तक होईल का, असे तू विचारले आहेस. होईल, परंतु ते ४० चित्रांचे होईल आणि उरलेली १०० बाजूला ठेवणे तुझ्या जिवावर येईल. छायाचित्रकार रॉबर्ट फ्रँकने अमेरिकाभर फिरून २७,००० हून अधिक छायाचित्रे टिपली होती. १९५८ साली पॅरिसमध्ये निघालेल्या त्याच्या पुस्तकात त्यांपैकी फक्त ८३ आहेत.

तुझ्या संग्रहात निम्मे रोहित पक्षीच आहेत. खाडीला २०१५ साली अभयारण्याचा दर्जा मिळाल्यापासून तशी सुरेख चित्रे गावभर झाली आहेत. माझी नजर अडली ती जाळे सांधणाऱ्या त्या वृद्ध कोळ्याच्या अंगठ्यावर, जिथे नायलॉनच्या दोऱ्याने कायमची खाच पाडली आहे. ते चित्र उजव्या पानावर एकटे ठेव, समोरचे डावे पान कोरे सोड आणि रिकाम्या होडीचे चित्र पान उलटल्यावरच दिसू दे. दोन्ही शेजारी छापलीस, तर वाचक त्यांची नुसती तुलना करील.

माझी एक चूक सांगतो. छापखान्यात मांडणीचे काम करताना एका स्मरणिकेत मी तलावपाळीवरचे समूहचित्र मोठ्या ऐटीत दोन पानांवर पसरवले. बांधणी गोंदाची होती, त्यामुळे पुस्तक सपाट उघडेना आणि मधोमध उभ्या असलेल्या आजींचा निम्मा चेहरा घडीत गेला. त्यांचा नातू अंगठ्यांनी पाने दाबून दाबून तो चेहरा शोधत होता आणि मी समोर बसून पाहत होतो. तेव्हा दोन पानांवरचे चित्र हवेच असेल, तर फॉर्म, म्हणजे एकत्र घडी घातलेल्या पानांचे जुडगे, दोऱ्याने शिवून घे. खर्च वाढला तरी चालेल. १६ पानांच्या ४ फॉर्ममध्ये ६४ पाने बसतात, तेवढी तुला पुरेत. शिवाय पडद्यावर उजळ दिसणारा खाडीचा चिखल कागदावर काळवंडतो, म्हणून ज्या मॅट, म्हणजे बिनचमकीच्या, आर्ट पेपरवर छापणार, त्याच कागदावरचे प्रूफ, म्हणजे नमुन्याची छपाई, माग.

५० च प्रती काढायच्या म्हणून संकोचू नकोस. इंग्लंडच्या अ‍ॅना अ‍ॅटकिन्सने १८४३ पासून सागरी शेवाळांचे निळे छायाचित्र-ठसे स्वतः उमटवून त्यांचे पुस्तक भागाभागांनी परिचितांना दिले. छायाचित्रांच्या पुस्तकाचा आरंभ असा घरगुतीच झाला. आपल्याकडच्या छायाचित्रकार दयानिता सिंग यांनी २००८ मध्ये ७ छोटी घडीची पुस्तके एका पेटीत घालून काढली; ती उलगडून फळीवर उभी केली, की घरातच प्रदर्शन मांडले जाते. हे मला फार आवडते. प्रकाशन समारंभाचे पुढे पाहू. पहिल्या प्रती मात्र कोळीवाड्यात स्वतः नेऊन दे आणि तिथली माणसे कोणत्या पानावर थांबतात, ते पाहा.

रविवारी सगळ्या चित्रांच्या छोट्या प्रती घेऊन ये. ६४ कोऱ्या पानांची डमी, म्हणजे पुस्तकाच्या नमुन्याची वही, मी शिवून ठेवली आहे. डिंक आणू नकोस. चित्रांच्या जागा दहादा बदलतील, तेव्हा क्लिपाच बऱ्या.

तुझे,
बाबा