स्वतःला शोधायला पॅकेज कशाला?

संपादक महोदय,
रविवारच्या पुरवणीतला 'स्वतःला शोधायला कोकणात या' हा लेख वाचला, लिहिलाय छान, पण समुद्राकाठच्या रिसॉर्टमध्ये दोन रात्रींचं पॅकेज घेऊन खरा 'मी' सापडतो हे काही पटलं नाही. आमच्याकडे उतरणारे बरेच पाहुणे आल्या आल्या वायफायचा पासवर्ड विचारतात, मग सूर्यास्ताचा फोटो, मग त्याला लाइक किती आले ते बघत बसतात, सूर्य बिचारा कधीच बुडालेला असतो. रत्नागिरीजवळच्या पावस गावचे संत स्वामी स्वरूपानंद जवळपास ४० वर्षं एकाच घरात राहिले, १९७४ साली पावसमध्येच समाधिस्थ झाले. आणि इगतपुरीला १९७६ पासून विपश्यना ध्यानाची १० दिवसांची शिबिरं चालतात, फी नाही, मोबाईल सुरुवातीलाच जमा करायचा, बोलायचं नाही. (मला तिसऱ्या दिवशीच घरची आठवण यायला लागली होती, ते सोडा.) म्हणजे पैसाही लागत नाही नि समुद्रही, लागतो तो वेळ, आणि तोच नेमका पॅकेजमध्ये नसतो. बाकी पाहुण्यांनी जरूर यावं, आमचा धंदाच त्यावर आहे, फक्त फणस सोलताना तरी फोन लांब ठेवा, चीक स्क्रीनला लागला की निघता निघत नाही.

– एक वाचक, गुहागर