वीस मिनिटांची नळी

प्रिय अव्या,

तुझ्या मेसेजना नुसता अंगठा दाखवत राहिलो, त्याच्या शिव्या सावकाश घाल. तब्येत बरी. बीपीची गोळी चालू आहे, आईचे गुडघे होते तिथेच आहेत.

परवा रात्री फुरसं चावलेलं पोरगं आलं. लावणीचे दिवस, म्हणजे आपला सीझनच. हिरड्यांतून रक्त येत होतं. काचेच्या कोरड्या नळीत 2 मिली रक्त घेतलं, 20 मिनिटं हात लावला नाही, मग तिरकी केली तर पाण्यासारखं वाहिलं, म्हणजे विषानं रक्त गोठणंच थांबलेलं. पुढचं तुला पाठ आहे. अँटिव्हेनमच्या 10 व्हायल, पावडर विरघळेपर्यंत एकेक हातात गोल फिरवायची, जोरात हलवली की फेस, शेजारी अ‍ॅड्रिनलिन भरून तयार. बांबोळीच्या मेडिकल कॉलेजला पाठवावं तर 108 दुसऱ्या केसला गेलेली. सहा तासांनी पुन्हा नळी. तिरकी केली, गुठळी जागची हलली नाही.

इंटर्नशिपला अशी नळी बघून तू सिस्टरला मिठी मारायला धावला होतास आणि तिनं मध्ये ट्रे धरला होता! परवा मी गुठळी बघितली, वेळ लिहिली आणि डोक्यात एवढंच आलं, की आता व्हायलचा हिशेब ऑनलाइन चढवायचाय. बाप हात धरून म्हणाला, "डॉक्टरानू, माझो झील वाचलो." मी म्हटलं, "इथे सही करा." सकाळी त्यानं परसातलं जून तवसं, ही मोठी काकडी, आणून टेबलावर ठेवलं, तर मला त्याचा रागच आला. कागद ओले झाले म्हणून.

हे दमणं नव्हे रे. दमलो तर झोपून उतरतं, हे उतरत नाही. मास्लाक बाईंची 1981 ची बर्नआउटची प्रश्नावली काढून बसलो. आतून आटणं, पेशंट म्हणजे बेड नंबर वाटणं, आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. निम्म्यावर फाइल बंद केली. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 साली सांगून टाकलंय, की हा आजार नव्हे, कामातून येणारी अवस्था. म्हणजे मेडिकल लीव्हही नाही. घ्या!

वर कळवलं तर तणावमुक्तीचं शिबिर लागलं, तेही रविवारी. अनुलोम-विलोम करता करता दोघं घोरायला लागले, शिबिराचा तेवढाच उपयोग. साहेब म्हणतात, डॉ. बावस्करांनी बिरवाडीच्या आरोग्य केंद्रातून विंचूदंशावर काम केलं, लॅन्सेटसारख्या मेडिकल जर्नलमध्ये छापलं, तुम्हाला काय धाड भरलीये? बावस्करांना माझा साष्टांग दंडवत. पण एक बावस्कर निघाला म्हणून बाकीच्यांना भूलतज्ज्ञाशिवाय चालवायचं, हे कुठलं गणित? बालरोगतज्ज्ञ कागदावर. माझ्या जोडीचा राजीनामा देऊन गेला, त्याच्या रात्री माझ्या गळ्यात. नातेवाईक आवाज चढवतात तो माझ्यावर. रिकाम्या खुर्चीवर कोण ओरडणार?

भीती निराळीच आहे. ज्याला काही वाटेनासं होतं तो डोस दुसऱ्यांदा तपासत नाही. आणि आपल्या दोस्ताचं, 'दाढी'चं, काय झालं ते तुला मी सांगायला नको. त्याच्याही तोंडी शेवटी शेवटी "चाललंय" एवढंच असायचं.

सरकारी नोकरीचा बॉण्ड संपताच तू पुण्याला गेलास तेव्हा तुला पळपुटा म्हटलं होतं, ते मी मागे घेत नाही, उगाच खूश होऊ नकोस. पण तू 1992 च्या केंद्र सरकारच्या पत्राची झेरॉक्स खिशात घेऊन फिरायचास ना, रेसिडेंटला सलग 12 तासांवर ड्युटी नको म्हणणारी? आणि आपण 36 तास उभे! ती असेल तर पाठव. मला लागू नाही, ठाऊक आहे. तरी रिकाम्या जागांच्या अर्जामागे जोडून साहेबांच्या टेबलावर ठेवणार आहे. नाहीच काही झालं तर दिवाळीनंतर मीही राजीनाम्याचा कागद टाकणार. हे घरी अजून बोललो नाहीये, तेव्हा वहिनींसमोर पचकू नकोस.

तुझ्या क्लिनिकच्या लिफ्टचं झालं का? मनूची यंदा दहावी ना? कोकमाच्या आगळाच्या दोन बाटल्या एस्टीच्या पार्सलनं टाकल्यात, बूच नीट बघून घे. ओपीडीच्या वेळेत फोन करू नकोस, उचलणार नाही.

तुझा,
बाबल्या