क्लेटन काउंटी नकाशाबाहेर का? जॉर्जियाच्या आरोग्य आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त,
सार्वजनिक आरोग्य विभाग, जॉर्जिया राज्य, अटलांटा

विषय : कृष्णवर्णीय समलिंगी पुरुषांपर्यंत एचआयव्ही प्रतिबंधक सेवा पोहोचवण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

मी अटलांटाच्या दक्षिण भागात फार्मासिस्ट म्हणून काम करतो. या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे पाठवली आहे. मराठीत ते प्रसिद्ध करतो आहे, कारण या महानगरात राहणाऱ्या आम्हा मराठी मंडळींना हा प्रश्न अजूनही दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो.

याच शहरात मुख्यालय असलेल्या सीडीसीने, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय रोगनियंत्रण संस्थेने, 2016 साली असा अंदाज मांडला होता की, संसर्गाचा तेव्हाचा दर कायम राहिला तर दर दोन कृष्णवर्णीय समलिंगी पुरुषांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी एचआयव्हीचे निदान होईल. गोऱ्या समलिंगी पुरुषांत हेच प्रमाण अकरात एक होते. आकडा ऐकताच मनात पहिला संशय वागणुकीचा येतो. माझ्याही आला होता, खोटे कशाला बोलू. परंतु संशोधक ग्रेगरी मिलेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 व 2012 मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा कृष्णवर्णीय पुरुष अधिक बेफिकीर वागतात असे आढळले नाही. आरोग्यविमा नसणे, निदान उशिरा होणे आणि उपचारात खंड पडणे यांमुळे विषाणू आटोक्यात न आलेला जोडीदार भेटण्याची शक्यता त्यांच्या वाट्याला अधिक येते, एवढाच तो फरक आहे.

एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून रोज घ्यायच्या गोळीला, म्हणजे प्रेपला, अमेरिकेत 2012 मध्ये मान्यता मिळाली. आता तिची जेनेरिक रूपे स्वस्तात मिळतात आणि त्यांतली काही भारतीय कंपन्या बनवतात. 2001 साली मुंबईच्या सिप्लाने एचआयव्हीवरील तीन औषधांचा उपचार दिवसाला एका डॉलरहून कमी खर्चात देऊ केला होता, हे आठवले की माझ्या काउंटरवरून विमा नसलेला तरुण हात हलवत परत जातो तेव्हा अधिकच खटकते. त्याला गोळीची किंमत अडवत नाही. डॉक्टरांची भेट आणि दर तीन महिन्यांच्या तपासण्यांचे बिल अडवते, आणि ज्या राज्याने मेडिकेडचा, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याचा, पूर्ण विस्तार केलेला नाही तिथे हे बिल त्याच्याच खिशावर पडते.

अविश्वासाचेही कारण आहे. शेजारच्या अलाबामात, टस्कीगी येथे, 1932 ते 1972 या काळात सरकारी आरोग्यसेवेने सिफिलिस झालेल्या 399 कृष्णवर्णीय पुरुषांना, पेनिसिलिन उपलब्ध झाल्यानंतरही, उपचारांविना केवळ निरीक्षणाखाली ठेवले. ज्यांच्या आजोबांच्या पिढीने हे पाहिले, त्यांना एखादे भित्तिपत्रक लावून दवाखान्यात बोलावणे पुरेसे नाही. याउलट 2022 मध्ये एमपॉक्सची (पूर्वीचे नाव मंकीपॉक्स) साथ असताना सप्टेंबरच्या सुरुवातीच्या लेबर डेच्या सुट्टीत, अटलांटा ब्लॅक प्राइड या कृष्णवर्णीय समलिंगी समुदायाच्या उत्सवासाठी जमलेल्या लोकांपर्यंतच लस नेण्यात आली. तेव्हा आपल्या यंत्रणेने जे केले ते उत्तम होते, आणि ते अपवाद म्हणून राहू नये.

मुख्य तक्रार अटलांटाच्या दक्षिणेच्या क्लेटन काउंटीबद्दल (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) आहे. एचआयव्हीची साथ संपवण्याच्या 2019 च्या केंद्रीय कार्यक्रमासाठी जॉर्जियातून कॉब, डिकाल्ब, फुल्टन आणि ग्विनेट या चार काउंटी निवडल्या गेल्या. निवड नव्याने निदान झालेल्या रुग्णांच्या एकूण संख्येवर झाली, लोकसंख्येमागच्या दरावर नव्हे. त्यामुळे बहुसंख्य कृष्णवर्णीय वस्तीची, पण तुलनेने लहान असलेली क्लेटन बाहेर राहिली. आमचे नातेवाईक भारतातून येऊन ज्या विमानतळावर उतरतात, तो बराचसा याच काउंटीत आहे.

म्हणून विनंती अशी की, राज्याच्या निधीतून क्लेटनमध्ये संध्याकाळी व शनिवारी चालणारे, प्रेपच्या तपासण्या मोफत करणारे केंद्र उघडावे. तिथे कृष्णवर्णीय समलिंगी पुरुषांनाच पगारी संपर्क-कार्यकर्ते म्हणून नेमावे, स्वयंसेवेच्या नावाखाली फुकट राबवू नये. आणि थ्राइव्ह एसएससारख्या, त्यांच्यातूनच उभ्या राहिलेल्या संस्थांशी दर वर्षी नूतनीकरणाची टांगती तलवार नसलेले बहुवार्षिक करार करावेत. आपल्या लेखी उत्तराची मी वाट पाहतो आहे, आणि ते आले की मराठीत इथेच प्रसिद्ध करीन.

आपला,
अटलांटातील एक मराठी फार्मासिस्ट