पावसात पळवत नाहीत, पोरं आपणहून पळतात

स्टर्लिंग, स्कॉटलंड
१६ नोव्हेंबर

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

आम्ही तिघंही मजेत आहोत. बाकीचं रोज फोनवर बोलतोच, त्यामुळे इथे उगाळत नाही. पत्र मुद्दाम लिहितेय ते आईसाठी. परवा अर्णव "आजी, आम्ही शाळेत पावसात पळतो" एवढंच म्हणाला आणि आई, तुझा आवाज बदलला. नंतर तू वहिनीला म्हणालीस म्हणे, की परक्या मुलखात लेकराचे हाल चाललेत. हाल अजिबात नाहीत. सगळं नीट सांगते, बाबांनी वाचून दाखवावं.

इथल्या शाळांत 'डेली माइल' नावाची रीत आहे. वर्गाच्या बाई दिवसातली कुठलीही वेळ धरतात, बहुतेक मुलं चुळबुळायला लागली की. मग सगळा वर्ग बाहेर. पंधरा मिनिटं मैदानाच्या कडेनं गोल फिरायचं. पळायचं तर पळा, दमलात तर चाला, परत पळा. वेगळे कपडे नाहीत, बूट बदलायचे नाहीत, थंडी असेल तर नुसता कोट चढवायचा. शिट्टी नाही, नंबर नाही, किती फेऱ्या झाल्या हे बाई कुणाला विचारत नाहीत. पाऊस धो धो असला किंवा जमिनीवर बर्फ धरला असला तर नेत नाहीत. भुरभुर असेल तर नेतात, कारण इथे भुरभुर थांबायची वाट पाहिली तर वर्ष निघून जाईल. डिसेंबरात पावणेनऊला उजाडतं नि पावणेचारला अंधारतं. मुलांना दिवसाउजेडी बाहेर काढलं नाही, तर त्यांना उजेड दिसणारच नाही.

एकदा अर्णवला लवकर आणायला गेले होते, तेव्हा कुंपणापाशी उभी राहून मी हे पाहिलं. दोन मुली गळ्यात गळे घालून गप्पा मारत चालल्या होत्या. हाताला प्लास्टर असलेला एक मुलगा तुरुतुरु पळत होता. बाई स्वतःही पळत होत्या, केसांवर पावसाचे थेंब, आणि मागे पडलेल्या मुलाला ओरडण्याऐवजी त्याच्याशी काहीतरी बोलत होत्या. अर्णव दोन मित्रांबरोबर पळाला, मग तिघं थांबून डबक्यात काहीतरी बघत बसले, मग पुन्हा पळाले. आत गेल्यावर कोट खुंटीला आणि लगेच गणिताची वही. गाल लालबुंद झाले होते. आई, तापाचे नाहीत, पळण्याचे.

ही रीत निघाली आमच्याच गावात. २०१२ साली इथल्या सेंट निनियन्स प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका एलेन वायली यांच्या लक्षात आलं, की मैदानाला एक फेरी मारूनच मुलांना धाप लागते. त्यांनी रोज पंधरा मिनिटं सुरू केली आणि महिन्याभरात मुलं मैलभर पळू लागली. तिथून ती देशोदेशीच्या शाळांत गेली. स्टर्लिंग आणि एडिंबरा विद्यापीठांच्या संशोधकांनी इथल्या दोन शाळांची तुलना करून २०१८ साली निष्कर्ष छापले. डेली माइल करणाऱ्या शाळेतल्या मुलांची दिवसातली दमदार हालचाल दुसऱ्या शाळेच्या मानानं सुमारे ९ मिनिटांनी वाढली आणि बसून राहण्याची वेळ सुमारे १८ मिनिटांनी घटली. बाबा, हे तुमच्यासाठी लिहिलं, कारण तुम्ही विचाराल की याला आधार काय.

सर्दीचं म्हणशील तर ती अर्णवला होते, कराडला असतानाही व्हायची. ती विषाणूनं होते, पावसानं नाही, आणि हळद-दूध मी विसरलेले नाही. "तिथे पोर घरकोंबडं होईल" ही तुझीच काळजी होती ना? आता तो रविवारी स्वतः उठून बूट शोधतो. ज्युनिअर पार्करन म्हणून असतं, चार ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी दर रविवारी २ किलोमीटर, बागेत. फी नाही. मोठी माणसं रंगीत जाकिटं घालून वळणावळणावर टाळ्या वाजवतात. सगळ्यांच्या मागून एक मोठं माणूस मुद्दाम चालतं, म्हणजे कुठलंही मूल शेवटचं येत नाही. गेल्या वेळी ते काम माझ्याकडे होतं. एका चिमुरडीबरोबर मी गोगलगाय बघत थांबले, आणि तरी ती शेवटी हात वर करूनच आत आली.

तेव्हापासून माझ्या डोक्यात आपली शाळा घोळतेय. आम्हाला पळणं दोनच वेळी माहीत होतं. गृहपाठ नसला की "मैदानाला पाच फेऱ्या मार", नाहीतर स्नेहसंमेलनाच्या आधी शर्यत, तीही वर्गातल्या चार चपळ पोरींची. बाकीच्या आम्ही कडेला उभ्या. पळण्याची गोडी लागणार कशी? अंगात रग असते त्या वयात शिक्षा म्हणून पळवलं, तर मोठेपणी कोण आवडीनं बूट चढवेल? मुलांना व्यायाम नको असतो असं नाही, त्यांना हरणं आणि लाज नको असते. ते काढून टाकलं की ती थांबवूनही थांबत नाहीत.

म्हणून दादाला माझा निरोप सांगा, रागावला तरी चालेल. सईचा खो-खो दहावीसाठी बंद करू नकोस. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात ११ ते १७ वयाच्या मुलांतली शंभरात ८१ जणं पुरेशी हालत नाहीत, मुलींमध्ये तर ८५. आपल्या घरातली एक पोर संध्याकाळी मैदानावर जाते, तिला आपणच घरी बसवायचं का? २०२५ साली पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या मुलींनी जिंकला, कप्तान होती आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. सई तिच्यासारखी झाली नाही तरी चालेल. तिला खेळून बरं वाटतं, एवढं पुरे. क्लासची वेळ बदलून घ्या, फीत फरक पडला तर मी पाठवीन.

पैशांचं: काल दादाच्या खात्यावर ८०,००० पाठवलेत. त्यातले हॉलच्या अॅडव्हान्सचे, उरलेल्यात बाबांच्या गुडघ्याचा एमआरआय करून घ्या, पुढे ढकलू नका. सईचे बूट त्यातच बसवा, चांगले घ्या.

मनूच्या साखरपुड्याला मला येता येणार नाही. व्हिसा वाढवायचा अर्ज भरलाय आणि निकाल येईपर्यंत देशाबाहेर गेलं तर तो रद्दच धरतात. मोठी बहीण असून ओटी भरायला मी नसेन. मनू "काही नाही गं ताई" म्हणाली आणि पटकन विषय बदलला. तिला जवळ घ्या. लग्नाला मी आणि अर्णव नक्की येऊ, मे महिन्यात त्याची शाळा असते पण मी बाईंशी बोलून घेईन. अनिकेतचं जमेलसं दिसत नाही, तीन तिकिटं आणि व्हिसाचा खर्च एकदम आलाय. व्याह्यांना हे तुम्हीच आधी सांगून ठेवा, ऐनवेळी गैरसमज नको. आणि हॉलवाल्याकडून पावती घेतल्याशिवाय दादानं पैसे सोडू नयेत.

तुमची,
राधा