चि. सोनूस: ‘एंजल’च्या क्रमवारीबद्दल

बेळगाव

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

‘एंजल’ या अमेरिकन मालिकेच्या सीझनांची तुझी क्रमवारी मिळाली. पाचवा, दुसरा, तिसरा, पहिला आणि तळाला चौथा. वर तुझी टीप, ‘चौथा वगळलात तरी चालेल, बाबा.’ उत्तर व्हॉट्सॲपवरच दिलं असतं, पण तिथं चार ओळींच्या वर गेलं की तू अंगठा दाखवून मोकळी होतेस. म्हणून कागद घेतला.

तू ठेवून गेलेल्या हार्डडिस्कवरची सगळी मालिका दुसऱ्यांदा बघून झाली. पाच सीझन, प्रत्येकी 22 भाग, एकूण 110. काही वगळलं नाही. खालच्या पट्टीवरचं इंग्रजी वाचत बघतो, कारण ती माणसं बोलतात फार भरभर. पहिल्यांदा बघताना ‘पुढं काय होणार’ यातच जीव अडकलेला असतो. दुसऱ्यांदा ते माहीत असतं, मग कोण कुणासाठी काय ठरवतोय याकडे लक्ष जातं. त्यावरून माझा क्रम असा लागला: दुसरा, पाचवा, चौथा, तिसरा, पहिला. आधी ओरडून घे, मग पुढं वाच.

हा एंजल दोनशे-अडीचशे वर्षांचा व्हॅम्पायर. जिप्सींच्या शापानं त्याला आत्मा परत मिळाला आणि त्याबरोबर केलेल्या पापांची टोचणीही. आता तो लोकांना वाचवत फिरतो. सगळं मान्य. पण या माणसाची एक खोड आहे, तो सगळ्यांना वाचवतो आणि विचारत कुणालाच नाही. पहिल्या सीझनचा आठवा भाग आठव. त्याची जुनी प्रेयसी बफी लॉस एंजेलिसला येते, एंजल एका दिवसापुरता माणूस होतो, दोघांना सुखाचा एक दिवस मिळतो. मग हा परस्पर ठरवतो की तो दिवस पुसून टाकायचा. ती रडते, ‘मी विसरणार नाही’ म्हणते, आणि विसरते. आठवण एकट्या त्याच्याकडे राहते. सगळे या भागाला प्रेमाचा परमोच्च बिंदू म्हणतात. मला दुसऱ्या खेपेला राग आला. हिच्या आयुष्यातला दिवस, आणि निकाल देणारा हा कोण?

आता चौथ्याकडे ये. त्यात काय काय वाईट आहे ते तू लिहिलंयस आणि त्यातलं बरंच खरं आहे. एंजलची साथीदार कॉर्डीलिया, तिचं जे केलं ते बघवत नाही. ती अभिनेत्री त्या वेळी खरोखरच गरोदर होती, कथा त्याप्रमाणे वाकवली, आणि वाकवताना त्या पात्राचं वाटोळं झालं. कॉनरशी, म्हणजे एंजलच्या मुलाशी, तिचं जे दाखवलंय त्यावर मी काही लिहीत नाही, तुझ्या आईनं त्या भागांना स्वयंपाकघर गाठलं एवढंच सांगतो. आगीचा पाऊस, काळवंडलेला सूर्य, तो दगडी राक्षस, हे सगळं जरा जास्तच. दर आठवड्याला एक भाग बघणाऱ्यांचे हाल झाले असतील, कारण ही 22 भागांची एकच सलग गोष्ट आहे. एका दमात बघितली तर ती धरून ठेवते.

पण शेवटचे सहा भाग नीट बघ. जॅस्मिन नावाची दैवी शक्ती येते. तिला जो बघेल तो सुखी. भांडणं मिटतात, रस्त्यावर लोक एकमेकांना मिठ्या मारतात. बदल्यात ती रोज काही माणसं खाते, आणि तीही आनंदानं जातात. एंजलच्या माणसांतली फ्रेड एकटी शुद्धीवर येते, कशामुळं, तर जॅस्मिनचं रक्त लागलेला शर्ट धुताना. सगळं जग एका बाजूला आणि ही बाई धुण्याचा शर्ट घेऊन दुसऱ्या बाजूला. शेवटी एंजल तो भ्रम मोडतो. त्याचं म्हणणं असं की सुख लादलेलं असेल तर ते नको, माणसाला निवडीचा हक्क हवा, मग दुःख झालं तरी चालेल. जगाची शांतता मोडण्याएवढी त्याला ही गोष्ट मोठी वाटते.

आणि पुढच्याच भागात हा काय करतो? पोराचं डोकं फिरलंय, दुकानात लोकांना ओलीस धरून अंगाला स्फोटकं बांधून बसलाय. एंजल वुल्फ्रॅम अँड हार्ट या सैतानी वकिली कंपनीशी सौदा करतो, त्यांचं ऑफिस चालवायला घेतो, आणि बदल्यात कॉनरला नवं घर, नवे आईबाप, नव्या आठवणी. कॉनरला विचारलं? नाही. वेस्ली, फ्रेड, गन या त्याच्या साथीदारांच्याही डोक्यातून कॉनर पुसला. त्यांना विचारलं? तेही नाही. जॅस्मिननं केलं ते पाप आणि यानं केलं ते वात्सल्य! काचेबाहेर उभं राहून पोराला दुसऱ्यांच्या टेबलावर जेवताना बघणारा तो बाप बघून पहिल्यांदा माझेही डोळे भरले होते. दुसऱ्यांदा मी रिमोट धरून मनात म्हटलं, अरे, तू काल काय बोललास आणि आज काय करतोस? ज्या सीझनमध्ये नायक स्वतःच्या तोंडानं सांगितलेलं तत्त्व एका भागात गुंडाळून ठेवतो आणि लिहिणाऱ्यांना ते माहीत असतं, तो वगळायचा कसा?

त्याच शेवटच्या भागातला एक छोटा प्रसंग मला फार आवडतो. त्या कंपनीतली वकील लायला मेलेली आहे, गळ्यावरचा घाव रुमालानं झाकून कंपनीच्या कामाला आलीय, कारण तिच्या करारातली नोकरीची मुदत मरणानं संपत नाही. वेस्ली तिचा करार शोधून काढतो आणि काडी लावतो. कागद जळतो. खण उघडला की करार जसाच्या तसा आत. ती रागवत नाही. तू प्रयत्न केलास हे माझ्यासाठी खूप आहे, अशा अर्थाचं बोलते. वकिलाकडे कारकुनी केलेल्या माणसाला हा प्रसंग वेगळा लागतो बघ. कोर्टाच्या आवारात मी कितीतरी माणसं पाहिलीत, ज्यांना वाटायचं मूळ कागद फाडला की देणं फिटलं. नक्कल असते, नोंद असते, रजिस्टर असतं.

म्हणूनच दुसरा सीझन माझा पहिला. तिथं वुल्फ्रॅम अँड हार्ट नुसती सुटाबुटातली दुष्ट मंडळी राहत नाहीत, ऑफिस म्हणून उभी राहतात. मीटिंगा, बढत्या, साहेबाचा दरारा. एंजलला व्हॅम्पायर करणारी डार्ला, जिला त्यांनी पहिल्या सीझनच्या शेवटी मेलेल्यातून परत आणलंय, तिच्याकरवी ते एंजलला पोखरतात, आणि मग वाइनच्या तळघरातला तो भाग. आत वकील, आणि त्यांच्या जिवावर उठलेल्या डार्ला आणि ड्रुसिला या दोन व्हॅम्पायर. एंजल वेळेवर येतो. तुला-मला वाटतं, आता वाचवणार. तो दार ओढून कुलूप लावतो आणि निघून जातो. शाप सुटलेला नाही, जादूटोणा नाही, आत्मा जागच्या जागी आहे. शुद्धीवर असलेल्या माणसानं ठरवून केलेलं काम. पुढं स्वतःच्याच लोकांना नोकरीवरून काढतो. वेस्ली विचारतो, कॉर्डीलिया विचारते, गन विचारतो, हा कुणाला दाद देत नाही.

त्यानंतरची ती लिफ्ट. एंजलला कंपनीच्या मुख्य कचेरीत जायचंय, सैतानाच्या मुळावरच घाव घालायचाय. लिफ्टमध्ये भेटतो हॉलंड मॅनर्स, कंपनीतला मोठा साहेब, तळघरात मेलेला, तरी करारानं कामावर हजर. लिफ्ट खाली, खाली, खाली जात राहते. हॉलंड शांतपणे बोलतोय. दार उघडतं तर समोर तोच रस्ता, तेच लॉस एंजेलिस, तीच भांडणारी माणसं. म्हणजे मुख्य कचेरी हीच. एवढी साधी युक्ती, एक पैशाचा खर्च नाही, आणि अख्ख्या मालिकेत याच्या तोडीचा प्रसंग नाही. चौथ्यातल्या आगीच्या पावसानं मला जेवढं घाबरवलं नाही तेवढं त्या उघड्या दारानं घाबरवलं.

आणि तू केट पोलीसबाईला विसरलीस. तिनं जीव द्यायला औषधाच्या गोळ्या घेतल्यात, एंजल दार फोडून आत शिरतो आणि वाचवतो. नियम काय, तर व्हॅम्पायरला घरच्यांनी बोलावल्याशिवाय उंबरठा ओलांडता येत नाही. नंतर ती म्हणते, मी तर तुला आत बोलावलंच नव्हतं. तेवढंच. कुणी खुलासा करत नाही. मालिकेनं देव आहे की नाही यावर केलेलं एवढं एकच भाष्य, तेही जाता जाता.

पण दुसऱ्याला वर ठेवलं ते त्याच्या नंतरच्या भागांमुळं. एंजलला परत यावं लागतं, आणि मालक म्हणून नाही. वेस्ली साहेब, हा हाताखाली. कॉर्डीलिया तोंड फिरवून बसते. त्याला चहा-कॉफीची विचारपूस करावी लागते, तिला नवे कपडे आणून द्यावे लागतात. केलेल्याचं बिल हातात पडतं आणि ते हप्त्यानं फेडावं लागतं. पायलिया नावाच्या दुसऱ्या जगाच्या शेवटच्या चार भागांवर तू हसतेस, मला ते आवडले. फ्रेड तिथंच सापडते ना.

पाचव्याचं तुझं प्रेम मला समजतं. स्पाइक हा दुसरा व्हॅम्पायर आला की घरात रंगीत माणूस आल्यासारखं वाटतं, आणि बाहुल्यांच्या भागाला तर तुझी आई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. पण निम्मा सीझन होईपर्यंत दर भागाला एक केस सोडवण्यात जातो, हे तुलाही नाकारता येणार नाही. तो वर जातो गनच्या सहीमुळं.

ही सही पुन्हा बघ. गनला वकिली डोक्यात भरून दिलीय. ते ज्ञान ओसरायला लागतं. परत पूर्वीचा रस्त्यावरचा पोरगा व्हायच्या कल्पनेनं तो हादरतो. डॉक्टर म्हणतो, कस्टममध्ये एक जुनी वस्तू अडकलीय, तेवढी सोडवायला सही कर. गन कायदा कोळून प्यालेला माणूस, आणि हा कागद तो चाळतसुद्धा नाही. त्या वस्तूत इलिरिया नावाची प्राचीन शक्ती, ती फ्रेडचं शरीर बळकावते. फ्रेड मरते. राक्षस नाही, तलवार नाही, एका फॉर्मवरची सही.

खानापूरकडचे आपले शेतकरी ऑफिसात यायचे, हातात कन्नडातला कागद. वाचता येत नसे. मी म्हणायचो, थांबा, वाचून मराठीत सांगतो. निम्मे म्हणायचे, ‘भाऊ, कुठं सही करायची तेवढं सांगा, चारची गाडी चुकेल.’ त्यांचा नाइलाज होता, गाडी होती, गुरं होती. गनकडं कसलं निमित्त होतं? वेस्ली त्याला सुरा मारतो तेव्हा मला वाईट वाटलं, पण ‘का मारला’ असं वाटलं नाही. गन पुढं स्वतःहून त्या नरकातल्या तळघरात जाऊन बसतो, हे त्याचं मोठेपण. पाचव्या सीझनमध्ये प्रत्येकाला आपल्या सहीची किंमत मोजावी लागते. एंजललासुद्धा. वेस्ली पुसलेल्या आठवणी कोंडलेली काच फोडतो आणि सगळ्यांना कळतं की यानं आपल्या डोक्यात हात घातला होता.

कॉनर मात्र त्याला माफ करतो, घर सांभाळण्यासाठी माणूस काहीही करतो, हे मी वडिलांकडून शिकलो, असं म्हणतो. इथं तू लिहिलंयस, ‘इथे रडले.’ मला पटलं नाही. पोरगं गुणी म्हणून त्यानं माफ केलं, बापाचा हक्क होता म्हणून नव्हे.

शेवटच्या गल्लीबद्दल तुझं-माझं एकमत आहे, पाऊस, ड्रॅगन, चार माणसं आणि कामाला लागण्याचं ते एक वाक्य. फेब्रुवारी 2004 मध्ये चॅनेलनं मालिका बंद करायचं जाहीर केलं, 19 मे रोजी शेवटचा भाग लागला. त्याच 2004 साली महाराष्ट्रानं आपल्या सीमाभागाचा दावा सुप्रीम कोर्टात घातला. एंजलच्या लढाईचा निकाल दाखवला नाही म्हणून लोक अजून हळहळतात. आपण इथं तारखा मोजतोय, आपल्याला ती गल्ली फार ओळखीची वाटते.

तिसऱ्याचं थोडक्यात. तू त्याला वर ठेवतेस ते वेस्लीसाठी, आणि वेस्लीपुरतं बरोबर आहे. ‘बाप मुलाला मारणार’ ही खोटी भविष्यवाणी वाचून तो कुणाला न विचारता तान्हं बाळ, म्हणजे कॉनरच, उचलून नेतो, गळा चिरून घेतो, दवाखान्यात एंजल त्याच्या तोंडावर उशी दाबतो. इथंही न विचारण्याचाच रोग, आणि शिक्षा वेस्लीला एंजलपेक्षा जास्त! डार्ला बाळासाठी स्वतःच्या छातीत खुंटी मारून घेते, तो भाग तर अप्रतिम. पण एंजल आणि कॉर्डीलियाचं प्रेम जुळवायला जे भाग घालवलेत ते मला पेललं नाही. ते दोघं भावाबहिणीसारखे बरे होते.

पहिला तळाला, कारण त्याला अजून आपण कोण ते ठरवायचंय. एंजलचा पहिला साथीदार डॉईल तेवढा काळजात राहतो. नवव्या भागात तो जातो, आणि शेवटी त्यानं केलेली ती ओबडधोबड जाहिरातीची टेप लावून बसतात. तो नट 2002 मध्ये खरोखरच गेला, हे तू सांगितल्यापासून आई तो भाग लावू देत नाही.

तिची क्रमवारी वेगळीच आहे. ज्या सीझनमध्ये हिरवा गवई जास्त, तो चांगला. लॉर्नला ती नावानं ओळखत नाही. माणूस गायला लागला की याला त्याचं पुढचं दिसतं, हे तिला मनापासून पटलंय, आणि आता भजनी मंडळातल्या एकेकीच्या भविष्याबद्दल ती मला रात्री सांगते.

गणपतीला येताना ‘बफी’चे सातही सीझन घालून आण. आणि डिस्कला नवी वायर आण, जुनी हलवून धरावी लागते. कुंदा हवा असेल तर आधी कळव, सणाच्या आदल्या दिवशी रांग असते.

तुझे
बाबा

ता. क. नव्या नोकरीचा करार पाठवलास, तो मिळाला. सही करायच्या आधी नोटीस पिरियडचं कलम आणि त्याखालची बारीक अक्षरातली ओळ परत वाच, मी पेन्सिलनं खूण करून फोटो पाठवतो.