फाइल मोठी केली म्हणून गेलेला आवाज परत येत नाही

मा. संपादक,
स. न.

फोनमधली जागा वाचवायच्या टिप्स तुमच्या पेपरात वाचल्या. त्यात गाणी एमपीथ्री करा आणि मूळ फाइल डिलीट करा असं सरळ लिहिलंय, ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय.

मी नेमकं हेच केलं होतं. आईचं तंबोऱ्यावरचं गाणं रेकॉर्डरवर वेव्हमध्ये, म्हणजे आवाज न दाबता जसाच्या तसा ठेवणाऱ्या फाइलमध्ये घेतलेलं, सीडीच्या क्वालिटीचं म्हणजे 44.1 किलोहर्ट्झ (सेकंदाला आवाजाचे 44,100 नमुने), 16 बिट. चार मिनिटांना 42 एमबी. जागा पुरेना म्हणून सगळं 128 केबीपीएस (सेकंदाला 128 किलोबिट) एमपीथ्री केलं, चार एमबीच्या आत आलं, खूश होऊन मूळ फाइली उडवल्या. नंतर चांगला हेडफोन लावून ऐकलं तर आईचा आवाज आहे, सूर आहेत, पण तंबोऱ्याची जवारी, तारांचा तो झंकार, बोथट झालीय, आणि दोन ओळींच्या मधे ती श्वास घ्यायची तो पाण्यातून आल्यासारखा खुळखुळतो.

एमपीथ्री करताना मोठ्या आवाजाखाली जे बारीक आवाज कानाला कळणार नाहीत असं प्रोग्रामला वाटतं ते ढोबळ करतात किंवा टाकूनच देतात. 128 ला तर बरेच एन्कोडर साधारण 16 किलोहर्ट्झच्या वरचं, म्हणजे अगदी उंच पट्टीतलं सगळंच कापतात. कोणीतरी म्हणालं 320 केबीपीएसला कन्व्हर्ट कर, सुधारेल. केलं. फाइल साडेनऊ एमबीची झाली, स्पेक्ट्रममध्ये (कुठल्या पट्टीत किती आवाज आहे ते दाखवणाऱ्या चित्रात) बघितलं तर वरचा भाग तिथेच सुरीने कापल्यासारखा रिकामा! फ्लॅक (काहीही न टाकता फाइल लहान करणारा प्रकार) करून पण तेच, कारण जे फाइलमध्ये उरलेलंच नाही ते कन्व्हर्टर आणणार कुठून, आणि एमपीथ्रीची परत एएसी (तसाच आवाज टाकून देणारा दुसरा प्रकार) केली तर अजून थोडं जातंच.

एमपीथ्री वाईट आहे असं मी म्हणत नाही हं, मूळ फाइलवरून थेट 320 ची केली तर बहुतेकांना फरक ओळखता येणार नाही. पण मूळ हवी ना. जागेचीच अडचण असेल तर वेव्हची फ्लॅक करा, साइज बरेचदा निम्म्याच्या आसपास येते आणि परत वेव्ह केली की बिट न् बिट तोच आवाज मिळतो, काहीच जात नाही.

प्लीज त्या टिप्समध्ये दुरुस्ती छापा. डिलीट करायच्या आधी मूळ रेकॉर्डिंगची फ्लॅक कॉपी दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा, एवढी एक ओळ तरी टाका. आई आता नाही, ते गाणं परत रेकॉर्ड करता येणार नाही मला.

आपली,
एक नियमित वाचक