शिकणाऱ्या वडिलांनाही आधार हवा

महोदय,

अर्धवट राहिलेले शिक्षण पूर्ण करू पाहणाऱ्या वडिलांपुढे पहिला प्रश्न अभ्यासाचा नसून घरखर्चाचा असतो. अनेक शिष्यवृत्त्यांच्या अटी नुकतीच शाळा संपवलेल्या, पूर्णवेळ शिकणाऱ्या तरुणाला समोर ठेवून लिहिलेल्या असल्यामुळे नोकरी सांभाळून अर्धवेळ शिकणारा बाप अर्ज करण्याआधीच बाद ठरतो, हे मला अन्यायकारक वाटते. ब्रिटनमध्ये १९६९ साली स्थापन झालेल्या मुक्त विद्यापीठाने पूर्वपात्रतेची अट न घालता घरबसल्या पदवीची वाट खुली केली. शुल्कसाहाय्यातही तोच मोकळेपणा यायला हवा. तोवर अशा वडिलांनी कर्जाकडे वळण्याआधी परतफेड करावी न लागणारी अनुदाने आणि नोकरीच्या ठिकाणी मिळणारे शुल्कसाहाय्य अवश्य तपासावे, कारण कर्जावर अनेकदा शिक्षण चालू असतानाच व्याज चढू लागते. पूर्वीच्या शिक्षणात मिळवलेले श्रेयांक (क्रेडिट) ग्राह्य धरले जातात का, हेही विचारावे. त्यातून शुल्क आणि वर्षे दोन्ही वाचू शकतात. अर्जात अवलंबून असलेल्या मुलांची नोंद मात्र कधीही वगळू नये. पाळणाघराची सवलत केवळ विद्यार्थिनी मातांपुरती न ठेवता विद्यार्थी पित्यांनाही मिळावी, अशी माझी शिक्षणसंस्थांना कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक